दहावा

कुपी दहा जणांची.
पावडरीत पाणी मिसळलं की तास सुरू,
तासानंतर उरेल ते फेकायचं.
रजिस्टरच्या पुठ्ठ्यावर हे मीच लिहून चिकटवलंय,
शाई आता तपकिरी झालीय.

बॅलार्ड इस्टेट, दुसरा मजला, लिफ्ट बंद.
साडेनऊपासून बाकड्यावर नऊ जण.
गजानन तांडेल, बोसन, गुडघ्यावर पासपोर्ट आपटत.
वसईचा फ्रेडी लोपीस.
दाभोळचा रमजान पावसकर, ज्याच्या नखांत
घासूनही न गेलेलं इंजिनाचं तेल.
गाझीपूरचे दोघे चुलतभाऊ, रामआश्रय आणि रामअवध,
ज्यांची कार्डं मी दोनदा उलटसुलट भरली.
बाकीचे मोबाईलमध्ये.

कुणाला सांतोस, कुणाला लागोस.
पिवळं कार्ड नसेल तर तिकडे जेटीवर उतरू देत नाहीत
आणि इकडे, आपल्याच विमानतळावर,
सहा दिवस वेगळं ठेवतात.
टोचल्यावर दहा दिवसांनी कार्डाला जीव येतो.
एजंट सकाळपासून फोनवर:
मॅडम, एकतीसची फ्लाइट आहे, आज वीस.
मला मोजता येतं, म्हटलं.

दहावा आला नव्हता.

तांडेल म्हणाले, सिस्टर, नऊ जणांवर फोडा की.
एक डोस वाया गेला तर कारण लिहावं लागतं, मी म्हटलं.
काय कारण लिहायचं?
माणूस कमी पडला?
फ्रेडी हसला. आमच्या पत्रावर बघा,
‘अत्यावश्यक कर्मचारी’ असा शिक्का आहे.
म्हणजे ज्याच्यावाचून जगाचं अडतं,
आणि ज्याचं कुठंही अडतं.

बारा वाजता जिन्यावर चपला वाजल्या.
डोकं ताजं भादरलेलं, कानामागे वस्तऱ्याची चीर,
सदरा पाठीला चिकटलेला, ओला.
जयवंत पेडणेकर, माझगाव, ताडवाडी.
बाणगंगेवरून थेट आलो, म्हणाला,
वडलांचा दहावा होता.

कोणी काही बोललं नाही.
रमजानने सरकून जागा दिली.
मग तांडेलांनीच विचारलं, शिवला का कावळा?
शिवला. पण दोन तास लावले.
भाऊ बोलला, काका बोलले, आई बोलली,
पिंडाकडे ढुंकून बघेना.
मग मी म्हटलं, अण्णा, घराचे हप्ते मी भरतो,
जहाजावर जातो.
तेव्हा आला.
म्हणून उशीर.

मी कुपी फोडली. घड्याळ लिहिलं: बारा दहा.
प्रत्येकाला तोच प्रश्न,
लस अंड्यात वाढवलेली असते म्हणून.
अंडं चालतं?
चालतं. चालतं. रोज चार, रमजान म्हणाला.
जयवंत म्हणाला, सध्या बंद आहे.
अरे, सुतकाचं नाही, ॲलर्जीचं विचारतेय.
पहिल्यांदा हसला तो, आणि त्याच्याबरोबर सगळं बाकडं,
आणि हसता हसता त्याला डोळे पुसावे लागले.

सुतकातल्याला शिवू नये, म्हणायची माझी सासू.
मी दंडावर स्पिरिटचा बोळा फिरवला.
दंड थंड होता, तळ्याच्या पाण्याने.
सुई गेली. त्याने श्वास धरला नाही,
बाकीच्यांनी धरला होता.

नाव, जन्मतारीख, बॅच, माझी सही.
ग्राह्य दिनांक: बोटांवर मोजला,
आजपासून दहावा दिवस.
त्यानेही माझ्याबरोबर मोजला, ओठांतल्या ओठांत,
हा हिशेब या आठवड्यात
त्याच्या सवयीचा झाला असावा.

कार्ड फुंकर मारून वाळवलं, दिलं.
ताप आला तर साधी गोळी घे, म्हटलं.
तेराव्याला घरी आहेस ना?
आहे, म्हणाला. चौदाव्यापासून बॅग भरायची.

एक वाजून गेल्यावर डबा उघडला. भुर्जी.
पोळीचा तुकडा खिडकीत ठेवला,
का, ते विचारू नका.
कबुतरं आली.